घरचे सगळे सर्कशीला गेले आणि या माणसाने अंगावर सूज का येते याचं उत्तर शोधलं

पायात काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग लाल होतो, हाताला गरम लागतो, सुजतो आणि ठणकायला लागतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती.

पण सूज येते कशासाठी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याचं धड उत्तर कुणाकडे नव्हतं. पुवाचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला की पांढऱ्या पेशी दिसायच्या आणि त्यांच्या पोटात जंतू. यावरून अनेक डॉक्टर असा अर्थ काढायचे की या पेशी जंतूंना पोटात घेऊन अंगभर पसरवतात. म्हणजे पोलीसच चोराला गाडीत बसवून गावभर फिरवतायत, असा समज होता.

हा समज उलटा करणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो होता प्राणिशास्त्रज्ञ. नाव इल्या मेचनिकोव्ह. पुढे फ्रान्समध्ये गेल्यावर लोक त्यांना एली म्हणायला लागले.

त्यांची गोष्ट अशी आहे.

दोन वर्षांत डिग्री, बाविसाव्या वर्षी मास्तर

इल्या मेचनिकोव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या गार्डमधले अधिकारी आणि आईचं माहेर ज्यू घराण्यातलं.

पोरगा हुशार होता आणि तेवढाच उतावळा. खारकोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि पुढच्या अभ्यासाला जर्मनी गाठली. तिथे १८६५ मध्ये एका चपट्या किड्याचा अभ्यास करताना त्याला एक गंमत दिसली. या किड्याच्या आतल्या पेशी अन्नाचे कण थेट गिळत होत्या आणि स्वतःच्या पोटातच पचवत होत्या.

त्यावेळी या गोष्टीचं फार कौतुक झालं नाही. पण पेशी सुद्धा खातात, हे इल्याच्या डोक्यात पक्कं बसलं. सतरा वर्षांनी ते कामाला आलं.

१८६७ मध्ये ओडेसाच्या नव्या विद्यापीठात ते शिकवायला लागले. वय वर्षं २२. वर्गातले काही विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते.

क्षयरोगाने संसार मोडला

१८६९ मध्ये त्यांचं लुडमिलाशी लग्न झालं. लुडमिलाला क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी तिच्यात चालायचीही ताकद नव्हती, म्हणून तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणावं लागलं.

पुढची चार वर्षं नवराबायको चांगली हवा शोधत फिरत राहिले. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. हवापालट एवढाच उपाय होता. एप्रिल १८७३ मध्ये अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर लुडमिला गेली.

मेचनिकोव्ह पार कोसळले. त्यांचे डोळे दुखत होते, त्यामुळे मायक्रोस्कोपवरचं कामही बंद पडलं होतं. त्यांनी आयुष्य संपवायचा प्रयत्न केला, पण वाचले. त्यांच्या चरित्रात लिहिलंय की त्याच सुमारास एका रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्यांना दिसले. काही तासांचंच आयुष्य असलेले हे जीव निसर्गाच्या निवडीत टिकले कसे, हा प्रश्न पडला आणि मन पुन्हा कामात गुंतलं.

हे चरित्र लिहिलं ओल्गा यांनी. १८७५ मध्ये मेचनिकोव्ह यांनी त्यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं.

रोगी रक्त स्वतःच्या अंगात टोचलं

१८८० मध्ये ओल्गा टायफॉईडने मरता मरता वाचल्या. मेचनिकोव्ह यांची तब्येत ढासळलेली, विद्यापीठात राजकारण पेटलेलं. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि वातावरण आणखी बिघडलं.

अशा मनःस्थितीत त्यांनी पुन्हा मरायचं ठरवलं. पण घरच्यांना धक्का बसू नये म्हणून त्याला प्रयोगाचं रूप दिलं. उलटून येणाऱ्या एका तापाच्या रोग्याचं रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. हा ताप रक्तातून पसरतो का, हे तपासायचं असं कारण सांगितलं.

ताप रक्तातून पसरतो, हे सिद्ध झालं. मेचनिकोव्ह मरणाच्या दारात पोचले आणि परत आले. त्यांच्या रक्तवाहिन्यांमधून जिवंत जंतू फिरत होते आणि तरीही त्यांच्या शरीराने ती लढाई जिंकली. कशी, हे तेव्हा जगात कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि हे कोडं दीड-दोन वर्षांत त्यांच्याच हाताला लागलं.

तारामाशाचं पिल्लू आणि गुलाबाचा काटा

१८८२ मध्ये राजकारणाला कंटाळून त्यांनी ओडेसाची नोकरी सोडली. ओल्गा आणि तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन ते इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना शहरात राहायला गेले. समोर समुद्र. घरातच मायक्रोस्कोप मांडला.

डिसेंबर महिना होता. शहरात सर्कस आली होती आणि तिथली माकडं बघायला घरातले सगळे गेले. मेचनिकोव्ह एकटेच घरी थांबले. ते तारामाशाची पिल्लं बघत होते. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्यामुळे जिवंत पिल्लाच्या अंगात फिरणाऱ्या पेशी बाहेरून दिसतात.

बघता बघता डोक्यात विचार आला. या फिरत्या पेशी शरीराचं रक्षण करत असतील का? तसं असेल तर पिल्लाच्या अंगात काहीतरी टोचलं की त्या तिकडे धावून जायला हव्यात.

त्यांनी अंगणातून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी कडं केलं होतं.

आता यात मोठं काय? तर मोठं असं, की तारामाशाच्या पिल्लाला रक्तवाहिन्याच नसतात. रक्त नाही, वाहिनी नाही, तरीही पेशी जखमेकडे धावल्या.

थोड्याच दिवसांत रुडॉल्फ विर्खो हे जर्मन वैद्यकातलं बडं प्रस्थ मेसिनात आलं. त्यांनी हा प्रयोग पाहिला, कौतुक केलं, पण जपून राहायलाही सांगितलं. कारण पांढऱ्या पेशी जंतू पसरवतात असंच तेव्हा शिकवलं जात होतं. पुढे व्हिएन्नातल्या एका प्राध्यापकाने या खाणाऱ्या पेशींना ग्रीक भाषेतून नाव सुचवलं, फॅगोसाइट. मराठीत भक्षक पेशी.

भांडण: पेशी की रक्तवाहिनी?

मेचनिकोव्ह यांचा दावा ज्यांच्या मताला धडकला, ते होते युलियस कोनहाइम. तेही काही लहान नाव नव्हतं.

कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बर्लिनमध्ये बेडकांवर काम केलं. सूज येताना रक्तवाहिनीत काय होतं, ते त्यांनी जिवंत बेडकात पाहिलं. आधी बारीक वाहिन्या फुगतात. मग पांढऱ्या पेशी वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात. आणि मग त्या भिंतीतून वाट काढत बाहेर पडतात. पू याच पेशींचा बनतो.

यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की सुजेचं मूळ रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. भिंत बिघडते, गळायला लागते आणि पेशी आपसूक बाहेर येतात.

मेचनिकोव्ह यांचं उत्तर सोपं होतं. वाहिनीची भिंत हेच मूळ असेल, तर ज्या प्राण्याला वाहिन्याच नाहीत त्याच्यात पेशी गोळा कशा झाल्या? त्यांच्या मते सूज हा बिघाड नव्हता. पेशींनी शत्रूवर केलेला हल्ला म्हणजे सूज. १८९१ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये या विषयावर व्याख्यानमाला दिली आणि पुढच्या वर्षी तिचं पुस्तक निघालं. एकपेशीय जीवापासून माणसापर्यंत सूज कशी बदलत गेली, हे त्यात मांडलं होतं.

त्यांचा मुद्दा पटणारा होता. पण कोनहाइम यांना दिसलेल्या भिंतीचं काय? पेशी नेमक्या तिथेच का चिकटतात? तिथेच बाहेर पडायचं, हे त्यांना कोण सांगतं? याचं उत्तर मिळायला शंभरेक वर्षं जावी लागली.

मेंढ्या मेल्या, पॅरिसने हात दिला

मधल्या काळात मेचनिकोव्ह ओडेसाला परतले होते. लुई पाश्चर यांची रेबीजची लस १८८५ मध्ये आली आणि १८८६ मध्ये ओडेसात लसीकरणाचं केंद्र उघडलं. मेचनिकोव्ह त्याचे प्रमुख झाले. स्थानिक डॉक्टर मात्र खवळले. ज्याच्याकडे वैद्यकीची डिग्री नाही तो लसी काय देणार, असा सूर लागला. त्यात मेंढ्यांना दिलेल्या अँथ्रॅक्सच्या लसीत घोळ झाला आणि हजारो मेंढ्या दगावल्या.

१८८८ मध्ये त्यांनी ओडेसा कायमचं सोडलं. पाश्चर यांनी त्यांना पॅरिसमधल्या आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढची २८ वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ते तिथेच राहिले.

यात मुंबईचा काय संबंध?

ओडेसात मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली एक ज्यू विद्यार्थी शिकला होता. धर्म बदलायला नकार दिल्याने त्याची रशियातली वाट अडली. १८८९ मध्ये तो आपल्या गुरूमागे पॅरिसला आला आणि पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात कामाला लागला. उरलेल्या वेळात तो जंतूंवर प्रयोग करायचा.

त्याचं नाव वाल्देमार हाफकिन.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हेच हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचंच नाव चालवते.

लस टोचली की दंड सुजतो, ताप येतो. हाफकिन यांच्या लशीनेही तसंच व्हायचं. त्या सुजेचा अर्थ लावायचा प्रयत्न त्यांचे गुरू पॅरिसमध्ये करत होते.

जर्मनांशी टक्कर आणि नोबेल

१८९० मध्ये एमिल बेरिंग आणि किटासातो यांनी दाखवलं की धनुर्वात आणि घटसर्पाचं विष रक्तातल्या पाण्यासारख्या द्रवाने, म्हणजे सीरमने निकामी होतं. पेशींची गरजच नाही. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी गिनीपिगच्या पोटात कॉलऱ्याचे जंतू पेशींशिवाय विरघळताना पाहिले. जर्मन गट म्हणायला लागला की बचाव द्रव करतो, पेशी फक्त कचरा उचलतात.

मेचनिकोव्ह हटले नाहीत. ते परिषदांमधून तावातावाने वाद घालायचे. गंमत म्हणजे द्रवाची बाजू मजबूत करणारा एक मोठा शोध त्यांच्याच प्रयोगशाळेत लागला. त्यांचे शिष्य जूल बोर्दे यांनी सीरममधल्या जंतू फोडणाऱ्या घटकांचं काम उलगडलं. गुरूच्या मताला छेद जात असूनही ते काम तिथेच झालं आणि पुढे बोर्दे यांनाही नोबेल मिळालं.

१९०८ मध्ये नोबेल समितीने वाद मिटवला. वैद्यकाचं नोबेल दोघांना विभागून दिलं. एक पेशीवाले मेचनिकोव्ह आणि दुसरे द्रववाले पॉल एर्लिख. आज आपल्याला माहीत आहे की दोघंही बरोबर होते.

दही खा, म्हातारपण लांबवा

नोबेलच्या आधीच मेचनिकोव्ह दुसऱ्या कारणाने घराघरात पोचले होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विष तयार होतं आणि माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्यांचं मत होतं. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात असं त्यांनी ऐकलं होतं. दुधाला आंबवणारे जीवाणू हे कुजणं थांबवतील म्हणून ते स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायला लागले. १९०४ मध्ये त्यांनी यावर व्याख्यान दिलं आणि युरोपात दह्याची लाट आली.

दह्याने आयुष्य वाढतं हे काही सिद्ध झालं नाही. पण आजच्या प्रोबायोटिक पेयांच्या बाजाराचं मूळ तिथे आहे.

म्हातारपणाबद्दलचं त्यांचं आणखी एक मत मात्र फारसं सांगितलं जात नाही. वय झालं की भक्षक पेशी स्वतःच्याच शरीराच्या चांगल्या पेशी खायला लागतात, असं त्यांना वाटायचं. तपशील चुकले होते. पण ज्या सैन्याचं त्यांनी आयुष्यभर कौतुक केलं ते घरावरही उलटू शकतं, हे त्यांना दिसलं होतं.

पहिल्या महायुद्धात पाश्चर संस्थेतली तरुण मुलं आघाडीवर गेली आणि प्रयोगशाळा ओस पडली. १५ जुलै १९१६ रोजी मेचनिकोव्ह हृदयविकाराने गेले. वय ७१. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.

राहिलेलं उत्तर: भिंतच पहारेकरी निघाली

मेचनिकोव्ह यांनी एक प्रश्न मागे ठेवला होता. समोर आलेला जंतू आहे, हे पेशीला कळतं कसं?

एक धागा सापडला क्षयाच्या लशीत, म्हणजे बीसीजीत. आपल्यातल्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा व्रण असतो. १९८४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी बीसीजीच्या जीवाणूतून डीएनए वेगळा काढला, तर नुसत्या त्या डीएनएनेच प्रतिकारशक्ती चवताळते असं दिसलं. ज्या जातीच्या जंतूने लुडमिलाचा जीव घेतला, त्याच्याच जवळच्या भाऊबंदाने ही खूण दिली.

१९९५ मध्ये कारण कळलं. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातली सी आणि जी ही अक्षरं लागोपाठ आली की आपल्या डीएनएत सी वर बहुतेक वेळा एक छोटा रासायनिक शिक्का असतो. शिवाय अशा जोड्या आपल्याकडे कमी असतात. जीवाणूत त्या भरपूर असतात आणि बहुतेक बिनशिक्क्याच्या.

२००० मध्ये जपानच्या शिझुओ अकिरा यांच्या गटाने हा बिनशिक्क्याचा डीएनए ओळखणारं प्रथिन शोधलं. त्याचं नाव टीएलआर-९. ते पेशीच्या आतल्या पिशवीत बसलेलं असतं. पेशीने जीवाणूचा तुकडा गिळला की त्याची तपासणी तिथे होते. म्हणजे मेचनिकोव्ह यांना जे खाणं दिसलं होतं, त्याच खाण्यातून ओळख पटते.

टीएलआर-९ मुख्यतः काही पांढऱ्या पेशींत असतं. पण रक्तवाहिनीच्या आतून अस्तरासारख्या पसरलेल्या पेशींतही ते सापडलं. या अस्तराला एंडोथेलियम म्हणतात. त्याची जाडी फक्त एका पेशीची असते.

एरवी हे अस्तर शांत आणि गुळगुळीत असतं. रक्त त्यावरून घसरत जातं. जीवाणूचा डीएनए ओळखला गेला की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे ते सुजेची जनुकं चालू करतं. मग अस्तरावर चिकट रेणू उगवतात. पांढऱ्यांना बोलावणारी रसायनं सुटतात. पेशींमधले सांधे सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. तीच आपल्याला दिसणारी सूज. धावत जाणारी पांढरी पेशी आधी भिंतीवर गडगडते, मग चिकटते, मग फटीतून बाहेर पडते.

कोनहाइम यांनी बेडकात पाहिलं होतं ते हेच. फक्त भिंत बिघडलेली नव्हती. भिंतीने दार उघडलं होतं. मेचनिकोव्ह म्हणत होते तसा पेशींचा हा बचावच होता, पण त्या पेशींमध्ये भिंतीच्या पेशीही होत्या.

पेशीत आणखी एक पहारेकरी असतो. डीएनएची जागा केंद्रकात असते. तो पेशीच्या मोकळ्या भागात सापडला की सीजीएएस नावाचं प्रथिन गजर करतं. हे २०१३ च्या आसपास उलगडलं.

पहारेकरी बेभान झाला तर?

काटा रुतलेल्या बोटापुरती दारं उघडली तर जीव वाचतो. पण जंतू रक्तात शिरून अंगभर पसरले, तर सगळीकडची दारं एकदम उघडतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब पडतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं बंद पडायला लागतात. यालाच सेप्सिस म्हणतात. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पण फुटलेल्या जंतूंचे तुकडे आणि डीएनए काही काळ मागे राहतात आणि गजर वाजवत राहू शकतात.

दुसरी अडचण अशी, की आपल्या पेशींना ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रिया अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जीवाणूंपासून आलेली आहेत. त्यांचा डीएनए अजूनही जीवाणूसारखा दिसतो. मोठ्या अपघातात पेशी चेचल्या की तो रक्तात येतो आणि जंतू नसतानाही पहारेकरी ओरडायला लागतात.

मग गजरच बंद करायचा का? तसा प्रयत्न झाला आहे. जीवाणूच्या आवरणातला घटक ओळखणाऱ्या टीएलआर-४ ला अडवणारं औषध सेप्सिसच्या रुग्णांना देऊन पाहिलं. २०१३ मध्ये त्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून आजही सेप्सिसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा असतो वेळ. संसर्ग झालेल्या माणसाला जोराचा ताप किंवा थंडी, धाप, बरळणं, लघवी कमी होणं असं काही दिसलं, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठावं. सूज हा शरीराचा बचाव आहे हे मेचनिकोव्ह यांनी सांगून १४० वर्षं झाली. तो बचाव नेमक्या वेळी थांबवायचा कसा, यावर प्रयोगशाळांमध्ये अजून काम चालू आहे.